शिवलेली पानं

आमच्या घरात इंग्रजी पुस्तकं शेराच्या मापानं आली, आणि ती मी आणली. मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मराठी सातवी झालेली बाई रद्दीच्या दुकानात उकिडवी बसून इंग्रजी पुस्तकं निवडते आहे, हे दृश्य ठाण्याच्या स्टेशन रोडवर त्या वर्षी लोकांनी पुष्कळदा पाहिलं. ज्यांना हसायचं होतं ते हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून मी आपली चाळत बसायची.

धावपळ होती माझ्या धाकट्या जावेसाठी. माझे दीर कापडगिरण्यांच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेले आणि येताना पदवीबरोबर बायको घेऊन आले. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा थंड गावातली मुलगी. स्वराज्य नुकतंच झालेलं, गोरे लोक बोटी भरभरून परत चाललेले, आणि आमच्या घरी एक गोरी राहायला आली. सासूबाई पहिला दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं पाटावर मांडी घालून जेवायचा हट्ट धरला आणि जेवण झाल्यावर तिला उठता येईना. दोन्ही हातांना धरून आम्ही दोघींनी तिला ओढून उभी केली. सासूबाईंना हसू आवरलं नाही, आणि एकदा हसल्यावर पुन्हा तोंड फुगवणं त्यांना जमलं नाही. तेव्हापासून ती घरात ‘धाकटी’ झाली.

धाकटीला दोन व्यसनं होती, चालणं आणि वाचणं. संध्याकाळ झाली की निघायची ती थेट कळव्याच्या खाडीपर्यंत. मिठागरावरच्या बायका तिला हाका मारायच्या, ती त्यांच्याशी आपल्या मोडक्या मराठीत बोलायची आणि चपला चिखलानं माखवून परत यायची. वाचायला तिनं ट्रंकेतून अकरा पुस्तकं आणली होती. ती तीन-तीनदा वाचून झाली. ठाण्यात ग्रंथालय होतं आणि उत्तम होतं, पण ते मराठीचं. तिची आई तिकडून दोन-तीन महिन्यांनी एक पुडकं पाठवायची. बोटीनं येणारं टपाल ते, दीड महिना समुद्रावर असायचं. एका पुडक्यातून दुसऱ्या पुडक्यापर्यंत ही उपाशी.

पहिल्या खेपेला तिला दिवस राहिले, पण पाचव्या महिन्यात गर्भ गेला. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि विहिरीवर धुणं धुवायला बसली. मी तिच्या हातातून पिळा ओढून घेतला तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, बसून काय करू?” मी पिळा परत दिला.

दुसऱ्या खेपेला आमच्या डॉक्टरीणबाईंनी पाचवा लागताच तपासून स्पष्ट सांगितलं. आता बाळंत होईपर्यंत अंथरुणावर आडवं राहायचं. उठायचं नाही, धक्का बसेल असं काही करायचं नाही, रडारड नाही. हेही गेलं तर पुन्हा आशा धरू नका. हे त्यांनी मराठीत, माझ्या आणि सासूबाईंच्या देखत सांगितलं. धाकटीला ते कुणी इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही.

ओटीलगतच्या खोलीत, खिडकीशी तिची खाट घातली. पहिल्याच आठवड्यात ती तीनदा उठलेली सापडली. एकदा खिडकीचे गज धरून उभी होती, एकदा लसूण सोलायला स्वयंपाकघरात आली, एकदा नुसतीच खोलीत फेऱ्या घालत होती. सासूबाई ओरडल्या की मुकाट्यानं जाऊन पडायची; पण पाय पांघरुणाखाली हलत असायचे. ज्या दिवशी विलायतेहून पुडकं आलं, त्या दिवशी मात्र ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हलली नाही. पायसुद्धा थांबले. मी सासूबाईंना म्हटलं, “हिच्या हातात पुस्तक असलं ना, की ही दगडासारखी पडून राहते.”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “मग आण,” म्हणाल्या. जसं काही कोथिंबीर आणायची होती.

तर अशी मी रद्दीवाल्याकडे गेले. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी मी पुस्तकं पारखायची. अक्षर बारीक, चित्रं कमी, मधे मधे अवतरणचिन्हं, म्हणजे माणसं बोलतायत, म्हणजे गोष्ट. पहिल्या खेपेला घाईत तेवढंही बघितलं नाही. घरी आल्यावर कळलं, की मी एक जुनं रेल्वेचं वेळापत्रक, बॉयलरवरचं एक पुस्तक आणि गुरांच्या रोगांवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला होता. मला रडू यायचं बाकी राहिलं. धाकटीनं तो गुरांचा ग्रंथ उशीवर ठेवला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. दुधाची तहान ताकावर, पण ताकसुद्धा तिनं मन लावून प्यायलं. पुढे आमच्या गवळ्याच्या म्हशीची कास सुजली तेव्हा तिनं खाटेवरून, माझ्या तोंडून, कासेला काय लावायचं ते सांगितलं आणि म्हैस बरी झाली. गवळी नंतर कितीतरी दिवस तिला ‘डागदरीण’ म्हणत होता.

मग चहूकडे शोध सुरू झाला. डोंबिवलीला एका पेन्शनरांकडे कपाटभर इंग्रजी पुस्तकं आहेत असं कळलं म्हणून मी आणि सासूबाई तिथे गेलो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे चार बंगल्या आणि मधे गवत. गृहस्थांनी कपाट उघडून दाखवलं. सगळ्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं, पाठीवर आकडे, आणि एकाचंही पान मुडपलेलं नाही. पुस्तक बाहेर द्यायचा आपला रिवाज नाही, असं ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “बरं,” आणि त्यांच्या ओटीवर बसून राहिल्या. चहा आला, तो घेतला. पुन्हा बसल्या. दुपारच्या गाडीची वेळ टळली तेव्हा त्या गृहस्थांनी होऊन तीन पुस्तकं आणून दिली. परत येताना सासूबाई एवढंच बोलल्या, “वाचलेली नव्हती हो एकही. पानं चिकटलेली होती.”

सगळ्यात मोठं घबाड सापडलं ते कल्याणला. माझे यजमान कल्याणच्या पार्सल ऑफिसात होते. तिथल्या रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन गार्डाचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला जायच्या तयारीत होतं. त्या बाईंकडे कादंबऱ्यांच्या दोन पेट्या होत्या. जाईपर्यंत हव्या तेवढ्या वाचा आणि परत करा, असं त्यांनी सांगितलं. हे रोज जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून एकेक पुस्तक आणायचे. पुस्तकांना आंब्याच्या लोणच्याचा वास यायचा, पण धाकटीनं कधी तक्रार केली नाही.

पण त्या सगळ्या खुनाच्या गोष्टी होत्या.

आम्हाला काय माहीत? एका सकाळी मी तिला पेज घेऊन गेले तर ती खुशीत म्हणाली, “वहिनी, पहिल्याच पानावर म्हातारा मेला! कॉफीत विष!” माझ्यामागून सासूबाई येत होत्या. त्यांच्या हातातलं तूप तिथेच राहिलं.

पोटातलं मूल सगळं ऐकतं, यावर सासूबाईंचा पक्का विश्वास होता. गरोदर बाईपुढे वाईट बोलायचं नाही, मेल्या-गेल्याची बातमी सांगायची नाही, हे त्यांच्या आईनं पाळलं, त्यांनी पाळलं, माझ्या दोन्ही वेळी माझ्यापुढे पाळलं. आणि इथे आम्हीच डब्याच्या पिशवीतून रोज एक मुडदा घरात आणत होतो! पुस्तकं बंद करावीत, तर ही खाटेवर राहणार नाही. चालू ठेवावीत, तर मूल विषाच्या गोष्टी ऐकणार. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. सासऱ्यांनी प्रत्येक पुस्तक आधी वाचायचं. जिथे कुणी मरत असेल तिथे पेन्सिलीनं खूण करायची. पानं फाडायची नाहीत, कारण विद्या आहे, आणि दुसऱ्याची वस्तू आहे. चिकटवायची नाहीत, डाग पडतात. ती पानं शिवायची. बारीक सुईनं, पांढऱ्या दोऱ्यानं, कडेकडेनं साधा धावदोरा. परत देताना उसवून द्यायची.

शिवायचं काम माझं. सुई टोचण्याआधी पुस्तकाला नमस्कार करायचा, हेही सासूबाईंनीच घालून दिलं. गोधड्या शिवून माझा हात बसलेला होता. चार पानं एकत्र असली तरी टाका सरळ जायचा. मला मनातून हा सगळा वेडेपणा वाटत होता, तरी मी हौसेनं करत होते.

सासऱ्यांची मात्र गंमत झाली. कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी इंग्रजी लिहिलं, पण ते सगळं सरकारला उद्देशून. इंग्रजीत माणसं भांडतात, लग्नं मोडतात, पावसात भिजतात, हे त्यांना साठीत कळलं. पहिल्या दिवशी नाक मुरडून बसले आणि तिसऱ्या दिवशी जेवायला चार हाका मारल्या तरी येईनात. ओटीवरून त्यांचे सवाल यायचे.

“अगं, घोडा मेलाय. घोडा चालेल का?”

“कुणाचा घोडा?” आतून सासूबाई.

“गरिबाचा आहे.”

“मग शिवा.”

आणि एकदा, “अगं, तो दुष्ट सावकार मेला. काय करू?”

सासूबाईंनी यावर बराच विचार केला. “तो राहू दे,” म्हणाल्या. “बाळाला कळलेलं बरं.”

पहिलं शिवलेलं पुस्तक धाकटीच्या हातात दिलं तेव्हा ती उलटसुलट करून बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. मला भीती होती की ती चिडेल. मी असते तर चिडले असते. ती आधी हसली, मग टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाली, “किती मेले?” मी तीन बोटं दाखवली. “बरं,” म्हणाली आणि वाचायला लागली. खुनाच्या गोष्टीतून खूनच काढल्यावर राहतं काय? एक माणूस सगळ्यांच्या घरी जाऊन चहा पितो आणि काल रात्री कुठे होतात असं विचारतो. ती म्हणायची, “वहिनी, हा फार चौकस शेजारी आहे.” तिच्या उशाशी कात्री होती, नखं काढायची. एक दोरा कापायला कितीसा वेळ लागतो? पण परत आलेल्या पुस्तकांत एकही टाका तुटलेला नसायचा. या बाईबद्दल मला तेव्हापासून जो आदर वाटायला लागला, तो पुढे वाढतच गेला.

गार्डाचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि पुन्हा टंचाई आली. कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी निर्वासित राहत होते. तिथे बाजारात काहीही मिळतं असं ऐकून मी आणि सासूबाई टांग्यानं गेलो. एका बराकीपुढे फळकूट टाकून एक वयस्कर गृहस्थ साबण आणि कंगवे विकत बसले होते, आणि त्यांच्यामागे साबणाच्या खोक्यांत पुस्तकं रचलेली होती. सिंधमध्ये कॉलेजात शिकवत होते. निघताना भांडी टाकली आणि ही आणली, बायको अजून बोलते, असं त्यांनी हिंदीत सांगितलं.

सासूबाईंना हिंदी येत नव्हतं. तरी त्यांनी खोक्याकडे बोट करून विचारलंच, “इसमें कोणी मरता है का?”

ते हसले नाहीत. कुणासाठी हवंय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आधीच्या खेपेचंही सांगितलं. मग ते उठले, दुकान तसंच उघडं टाकून, आणि एकेक पुस्तक बाहेर काढायला लागले. काढायचे, डोळे मिटून आठवायचे, मान हलवून परत ठेवायचे. गिऱ्हाईक येऊन गेलं, त्यांचं लक्ष नव्हतं. घर, गाव, नोकरी सगळं मागे टाकून आलेला माणूस आमच्यासाठी कुणी न मरणारी गोष्ट शोधत होता. मला तिथे उभं राहवेना. शेवटी त्यांनी दोन पुस्तकं सासूबाईंच्या हातात दिली.

“ये दो, माताजी. इनमें सब बचते हैं,” म्हणाले. “ऐसी किताबें बहुत कम हैं.”

विकत घेऊ दिली नाहीत. मूल झाल्यावर परत आणा, म्हणाले. सासूबाईंनी त्या माणसाला वाकून नमस्कार केला. कुणा परक्या पुरुषापुढे त्यांना मी पहिल्यांदाच वाकताना पाहिलं.

सातवा सरत आला होता. एका शनिवारी दीर भर दुपारी गिरणीतून घरी आले, धाकटीच्या खोलीकडे न जाता मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले. त्यांच्या हातात विमानाचं पत्र होतं. धाकटीच्या भावानं ते मुद्दाम गिरणीच्या पत्त्यावर, दिरांच्या नावानं पाठवलं होतं. तिची आई गेली होती. बसल्या जागी, काही दुखणं नसताना. तिला बेतानं सांगा, असं भावानं लिहिलं होतं.

“तिची आई आहे. तिला सांगायला हवं,” दीर म्हणाले.

“सांगायचं,” सासूबाई म्हणाल्या. “बाळ हातात आल्यावर.”

“तोवर दोन महिने जातील, आई. माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी तिच्याशी खोटं कधी बोललो नाही.”

“बोलू नकोस. गिरणीत यंत्र बिघडलंय म्हण आणि आठ दिवस रोज रात्री उशिरा ये. पुढचं मी बघते.” आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, “गेलेली बाई दोन महिन्यांनी कळली तरी गेलेलीच असेल रे. हे मूल तसं नाही.”

दीर रडले, तोंडात पंच्याचा बोळा कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला त्या वेळी सासूबाईंचा राग आला. तिचा स्वतःच्या आईसाठी रडायचा हक्क हिरावून घेणाऱ्या आपण कोण? हे मी बोललेही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “तुझं खरं आहे. पण पाप माझ्या माथी.” त्यांनी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याच संध्याकाळी त्या ओटीवर गेल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, “अहो, आता पुस्तकातल्या आयासुद्धा नकोत.”

“म्हणजे? मेलेल्या?”

“मेलेल्या, जिवंत, सगळ्या. आई आली की शिवायची. उगाच तिला आठवण नको, टपालाची वाट बघणं नको.”

सासऱ्यांनी चष्मा काढला. “अगं, मग पुस्तकात राहील काय?”

“राहील ते राहील.”

मला तोवर कल्पना नव्हती की इंग्रजी पुस्तकांतसुद्धा इतक्या आया असतात. सासरे खुणा करत सुटले. मुलाला शाळेत पोचवणारी आई, लग्नात रुसलेली आई, नुसतं दारातून डोकावून दिवा मालव म्हणणारी आई. त्या सिंधी गृहस्थांच्या दोन पुस्तकांपैकी एक तर मधोमध इतकं शिवावं लागलं, की ते नीट उघडेना. शिवताना माझे डोळे भरून यायचे. माझी स्वतःची आई तेव्हा होती, धडधाकट होती, आणि मी तिला दोन महिन्यांत कार्डही टाकलं नव्हतं. ते त्या आठवड्यात टाकलं.

धाकटी वाचत राहिली. टपाल आलं का, हे विचारणं तिनं हळूहळू सोडलं. आम्हाला हायसं वाटलं; म्हटलं, अंग जड झालंय, मन गुंतलंय. बोलायचीसुद्धा कमी, पण औषध वेळेवर, खाणं वेळेवर, आणि हलणं म्हणाल तर कुशीवर वळतानासुद्धा मला हाक मारून, माझ्या आधारानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी शहाणी पेशंट मी पाहिली नाही.

आणि मग तीन आठवड्यांनी ते पुडकं आलं. बोटीचं टपाल. आईनं जाण्याआधी टाकलेलं, पत्ता तिच्याच हातचा. पोस्टमननं खिडकीतूनच मोठ्यांदा हाक दिली, त्यामुळे लपवायची सोय उरली नाही. सासूबाईंनी ते पुडकं हातात घेतलं, तशाच दोन क्षण उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि आत जाऊन तिच्या मांडीवर ठेवून आल्या.

एरवी अशा पुडक्याची सुतळी ती दातांनी तोडायची. त्या दिवशी तिनं गाठ सोडवली, कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि आतली तिन्ही पुस्तकं माझ्याकडे दिली. “मामंजींना द्या,” म्हणाली. “आधी ते तपासतील. तुम्ही शिवा. मग मी वाचते.” मी स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंना सांगितलं, तुमची सून आता तुमच्याहून कडक झाली.

नववा पुरा भरून मुलगी झाली. ठणठणीत, आणि रडण्याचा आवाज असा, की समोरच्या आळीतल्या बायका आपण होऊन विचारायला आल्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि कितीतरी वेळ तिथून उठल्या नाहीत.

बाराव्या दिवशी बारसं झालं. दुपारी बायका घुगऱ्या घेऊन आपापल्या घरी गेल्या. पुरुषमाणसं ओटीवर होती. सासूबाईंनी मला थांबायला सांगितलं, खोलीचं दार लोटलं आणि कमरेशी खोचलेल्या लुगड्याच्या केळातून ते पत्र काढलं. दोन महिने त्यांनी ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली.

“धाकटे,” सासूबाई म्हणाल्या, “मी तुझी अपराधी आहे. तुझी आई...”

“ठाऊक आहे,” धाकटी म्हणाली.

सासूबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी नाही नाही म्हणून मान हलवली.

“कुणी सांगितलं नाही,” धाकटी म्हणाली. ती हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलत होती. “आधी मेलेली माणसं शिवलेली असायची. मग एका आठवड्यात फार पानं शिवली. साध्या गोष्टीतसुद्धा. मला वाटलं, एवढे कोण मेले? म्हणून मी एक दोरा कापला. एकच. आत कुणी मेलं नव्हतं. एक आई मुलाच्या सदऱ्याला बटण लावत होती.”

सासूबाई खाली बसल्या.

“मग दुसऱ्या पुस्तकात मी वरून, फटीतून बघितलं. तिथेही आई. मग मला कळलं.”

“केव्हा?” सासूबाईंनी विचारलं.

“त्याच आठवड्यात. बुधवारी. मग मी वहिनींसारखं पुन्हा शिवून ठेवलं.”

दोन महिने. माझ्या हाताच्या आधारानं ती कुशीवर वळत होती, पेज पीत होती, मेलेल्या आईच्या अक्षरातला कागद उशीखाली ठेवून झोपत होती, आणि आम्ही सगळे दारं लोटून कुजबुजत होतो. मला माझी लाज वाटली.

“आणि रडली नाहीस?” सासूबाई म्हणाल्या. “एकदासुद्धा?”

धाकटीनं मुलीच्या टाळूवर हात ठेवला. “बाळ ऐकतं म्हणालात ना तुम्ही.”

सासूबाईंनी तिच्या मांडीवरून मुलीला अलगद उचललं आणि माझ्या हातात दिलं. मग सरकून तिच्याजवळ बसल्या आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

“आता नाही ऐकत,” म्हणाल्या. “रड.”

मी बाळाला घेऊन ओटीवर आले आणि मागे दार ओढून घेतलं.